नदीपल्याडची पिल्लं

"बेत असा," जेपॉय म्हणाला. तोंडातला सिओपावचा घास गिळायलाही तो थांबला नाही. "मी मासळीच्या ओट्याखाली लपतो. दायांग बर्फाच्या खोक्यांमागे. इसाय धक्क्याच्या पायरीवर गळ टाकून बसेल. चोर दिसला की मी शिट्टी मारतो."

"चोर नव्हे रे," दायांग म्हणाली. "चोर नेतो. हा आणून टाकतो."

"मग त्याला काय म्हणायचं?"

इसायला त्यासाठी एक चांगला शब्द येत होता, पण तो आजीसमोर कधी उच्चारता आला नसता, म्हणून तिने तो इथेही गिळला.

उन्हाळ्याची सुट्टी नुकती लागली होती आणि सान तेलमोच्या बाजारात दर शनिवारी नवी पिल्लं सापडत होती. मासळीच्या ओट्यांखाली, भाजीच्या पाट्यांत, एकदा तर मासेवाल्या आलिंग बेबांगच्या, म्हणजे बेबांगमावशीच्या, तराजूच्या पारड्यात. चिपडांनी डोळे चिकटलेली आणि ओरडून ओरडून घसा बसलेली. कोणाची म्हणून विचारावं तर सगळं गाव कानावर हात ठेवत होतं. गरम वाफेचे सिओपाव विकणारा म्हातारा तेवढा रोज नव्याने शपथ घ्यायचा, की माझ्या पावात डुकराचंच मांस असतं. त्याला कोणी काही विचारलेलं नसायचं.

एरवी मुलांनी चार दिवस हळहळ केली असती आणि नदीवर पोहायला गेली असती. पण या वेळी गोष्ट हेपेच्या जिवावर बेतली होती.

हेपे म्हणजे बाजारातला म्हातारा, एका डोळ्याचा पिवळा बोका. हेपे या शब्दाचा अर्थ ठाणेदार. सकाळी तो बाजारात एक फेरी मारायचा, मग आलिंग बेबांगच्या ओट्याखाली झोपायचा, आणि इसाय शाळेतून येताना दिसली की उठून तिच्या पोटरीला डोकं घासायचा. त्याच्या डाव्या कानाला टोक नव्हतं. बाजारातल्या कुठल्याच जुन्या मांजराच्या डाव्या कानाला टोक नव्हतं. ते काम आते मेर्लीचं. (आते म्हणजे ताई. आपली आत्या नव्हे. तिशीतल्या बाईला आत्या म्हटलेलं तिलाही चाललं नसतं.) बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं कपडे धुण्याचं दुकान होतं. उरलेल्या वेळात ती आणि तिच्या दोन मैत्रिणी पिंजरे लावून मांजरं धरायच्या, गावोगाव फिरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून त्यांची नसबंदी करून घ्यायच्या, भूल असतानाच कानाचं टोक कापून खूण करायच्या आणि त्यांना होतं तिथे परत सोडायच्या. पिल्लं सापडली तर त्यांच्यासाठी घरं शोधायच्या. कान कापलेलं दिसलं की समजायचं, याचा वंश इथे थांबला. कित्येक वर्षं खपून तिने बाजार इथवर आणला होता, आणि आता कोणीतरी तिच्या मडक्याला दर शनिवारी भोक पाडत होतं.

बाजाराचे मुकादम तितो रुफो, म्हणजे रुफोकाका, मनाने वाईट नव्हते, फक्त थकलेले होते. त्यांनी मेर्लीला एकदाच सांगितलं होतं.

"तुझी कानकापी राहू देत. उंदीर तरी धरतात. पण ही नवी भरती सान इसिद्रोच्या सणापर्यंत थांबली नाही, तर मी नगरपालिकेची गाडी बोलावणार. आणि गाडीवाले कुणाचा कान बघत बसत नाहीत, हे तुलाही माहीत आहे."

गाडीतून गेलेलं मांजर परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून हा बेत.

पहिल्या शनिवारी बेत फसला, कारण जेपॉय ओट्याखाली झोपून गेला. पण त्या दिवशी दायांगने कोणीतरी टाकून दिलेली एक रिकामी गोणी उचलून पाहिली. ती नेहमी बोलण्याआधी बघायची, त्यामुळे जेपॉयपेक्षा तिला नेहमीच जास्त दिसायचं. गोणी वरून कोरडी होती आणि तळाशी ओली.

"होडीच्या तळाला पाणी साचतं," ती म्हणाली. "ही नदीवरून आली."

मग पुढच्या शनिवारी तिघंही उजाडायच्या आधी धक्क्यावर, रचून ठेवलेल्या खोक्यांमागे जाऊन बसली. म्हाताऱ्या नावाड्याची, लोलो ताश्योची, पहिली होडी पैलतीराहून, लिबीस गावाहून आली. उतारूंत एक बाई होती. चर्चमध्ये मिस्सेला जाताना घालावा तसा पांढरा पोशाख, हातात छत्री, दुसऱ्या हातात गोणी. ती खोक्यांपाशी आली, इकडेतिकडे बघितलं आणि गोणी जमिनीवर ठेवून तिने गरागरा तीन गिरक्या दिल्या. मग तोंड सोडलं. आतून तीन पिल्लं बाहेर आली आणि झिंगल्यासारखी एकमेकांवर पडली.

जेपॉयने शिट्टीसाठी तोंडात बोटं घातली, पण तोंडात सिओपाव होता. शेवटी तो नुसताच खोक्यांवरून उडी मारून तिच्यासमोर उभा राहिला आणि ठसका लागून रडायला लागला. दरारा म्हणतात तो काही बसला नाही.

बाईचं नाव आलिंग पुरिंग. लिबीसच्या चर्चमध्ये ती गायची. पकडली गेल्याचं तिला काहीच वाटलं नाही, आणि इसायला त्याचाच जास्त राग आला.

"अशी का बघता? मी मारलं का त्यांना?" ती म्हणाली. "बाजारात सोडलं. इथे मासे आहेत, पोट भरेल. आणि सान तेलमोच्या पोरांनी मला शहाणपण शिकवू नये. तुमची माणसं दर शनिवारी आमच्या बाजारात गोण्या झाडून जातात."

"आमच्या गावात असले लोक नाहीत," जेपॉय ठसक्यातून म्हणाला.

"नाहीत? मग जा बघून ये. होडी उभीच आहे."

आता ही रीत त्या नदीकाठच्या कोणालाही सांगावी लागत नाही. मांजर घरात डोईजड झालं की ते मारायचं नाही, मारणं पाप. ते वाट चुकवून सोडायचं. जमिनीवर कितीही लांब सोडा, मांजर परत येतं. पाणी ओलांडून नेलं की येत नाही. आणि गोणी तीनदा फिरवली की त्याला घराची दिशाच आठवत नाही. लहानपणी भाताबरोबर मीठ खावं तसं हे ज्ञान सगळ्यांच्या पोटात गेलेलं असतं. इसायच्याही गेलं होतं. फक्त हे कोणीतरी दुसरे लोक करतात अशी तिची समजूत होती.

तिघं होडीत बसली. शेजारी तितो नोनोय, जेपॉयचा सख्खा काका, मांडीवर गोणी घेऊन आकाशाकडे बघत होता.

"काय आहे काका गोणीत?" दायांगने विचारलं.

"अळकुड्या."

अळकुड्या म्याव म्हणाल्या.

होडीत कोणी हसलं नाही. पलीकडच्या फळीवर बसलेल्या दोन बायकांनी आपापल्या गोण्या हळूच पायांमागे सरकवल्या. लोलो ताश्यो वल्हं मारत राहिला. त्याला कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण आजवर कोणी विचारलंच नव्हतं, आणि उतारूंच्या गोण्या उघडून बघणाऱ्याच्या होडीत कोण बसेल? मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. त्या होडीत मांजरांचे डोळे उघडे होते आणि माणसांनी मिटले होते.

जेपॉयने काकाकडे पाठ केली आणि पाण्याकडे बघत बसला.

लिबीसच्या बाजारात आते मेर्लीसारखं कोणी नव्हतं. तिथल्या एकाही मांजराचा कान कापलेला नव्हता, आणि म्हणून मांजरं इतकी होती, की चालताना पाय जपून टाकावा लागत होता. बरगड्या दिसणारी, खरजेने केस गेलेली. एका खोक्यात एक मांजरी व्याली होती आणि तिच्या पिल्लांत कोण हलतंय, कोण नाही, हे बघायचं धाडस मुलांना झालं नाही. मासेवाले येताजाता पाण्याचे हबके मारत होते. फुकटचे मासे मांजरांना इथेही मिळत नव्हते आणि सान तेलमोलाही नाही, पण दोन्ही गावांतल्या माणसांना वाटत होतं की पलीकडे मांजरांची चंगळ आहे.

मग इसायला शेपट्या दिसल्या.

करडी, पट्टेरी मांजरं, आणि शेपटीचं टोक दुमडून गाठ मारल्यासारखं. एक होतं, मग दुसरं, मग ओट्याखाली अख्खी रांग. अशा शेपटीची एक मांजरी इसायच्या घरी तांदळाच्या पिंपावर झोपायची. तिचं नाव मुनिंग. मुनिंग दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात व्यायची, आणि पिल्लं जरा पळायला लागली की एक दिवस घरातून जायची. आजी सांगायची, चांगल्या घरी दिली गं. इसायची आजी, लोला सेपा, कधी खोटं बोलत नसे.

त्या रांगेतून एक मोठी झालेली मांजरी उठून आली. चारी पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. इसायने तिचं नाव मेदियास ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, ती ओंजळीत मावत होती तेव्हा. मेदियासला म्हणे दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी नेलं होतं. तिचा एक डोळा पांढरा झाला होता आणि पोट जमिनीला टेकत होतं. तिने इसायच्या पोटरीला डोकं घासलं.

"तुझ्या ओळखीची आहे?" जेपॉयने विचारलं.

इसायने होकाराची मान हलवली. परतीच्या होडीत ती लिबीसच्या धक्क्याकडे तोंड करून बसली.

आजी अंगणात लाकडी ठोकळ्यावर मासे साफ करत होती. इसायने तिला सरळच विचारलं. सेपाने आधी माशाचं पोट पुरं साफ केलं, हात धुतले आणि मग ती बोलली. ती लाजली नाही, घाबरली नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटत नव्हतं. गोणीत भात घालते, म्हणाली. तळलेला मासा घालते. होडीत बसल्यापासून सान मार्तिनची प्रार्थना करते, तो मुक्या जिवांचा संत, तो बघतो. इसायने आते मेर्लीच्या ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा मात्र तिने कपाळाला हात लावून क्रूस काढला.

"देवाने दिलेली कूस कापायची? ते पाप मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. आणि गिरक्या का देते विचारतेस? वाट विसरली की दुःख विसरतं, पोरी. म्हणून देते."

"नाही विसरत, लोला," इसाय म्हणाली. "मेदियास मला विसरली नव्हती."

आजीने पुढचा मासा उचलला. इसायला आजीचा राग आला होता आणि आजीवर राग धरता येत नाही म्हणून स्वतःचाही आला होता.

आते मेर्लीने सगळं ऐकून घेतलं. मग ती धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसली आणि जोरजोरात हसली. हसू थांबलं तरी ती उठली नाही.

"एकजण असता तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते," ती म्हणाली. "अख्ख्या नदीच्या दारात कुठे जाऊन बसू? ते त्यांची पिल्लं इकडे टाकतात, आपले लोक आपली तिकडे. आणि सगळे एकमेकांना निर्दय म्हणतात."

डॉक्टरीणबाई सणानंतरच्या रविवारी चर्चच्या खोलीत येणार होत्या. मांजर आणायचं, सकाळी ऑपरेशन, दुपारी घरी. मेर्ली महिनाभर घरोघरी सांगत फिरत होती. कोणी म्हणायचं, पाप. कोणी म्हणायचं, मग ते आळशी होतं, उंदीर धरत नाही. कोणी म्हणायचं, एकदा विऊ दे, मग बघू. ते बघणं कधी यायचं नाही. एक मांजरी थांबवली तर तिच्या मुली थांबतात, मुलींच्या मुली थांबतात, हे ती बोटांवर मोजून दाखवायची, आणि लोक तिच्या बोटांकडे बघत दुसराच विचार करायचे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला इथे कोणाची ना नव्हती, पण आपल्या मांजराच्या नाही.

बेत दायांगला सुचला. सणाआधीच्या शनिवारी नदीवरच्या मिरवणुकीचं ठरवायला दोन्ही गावं सान तेलमोच्या बास्केटबॉलच्या मैदानात जमायची, छपराखाली, दोन्ही कापितानांसह. कापितान म्हणजे गावप्रमुख. लिबीसचे लोक त्याच फेरीत गोण्या आणणार, सान तेलमोचे लोक सभा संपवून तसेच होडीत बसणार.

"सगळ्या गोण्या एका छपराखाली येणार आहेत," दायांग म्हणाली. "आपण फक्त सामान सांभाळायचं."

तिघांनी गळ्यात पांढरे रुमाल बांधले, दारात टेबल मांडलं आणि जेपॉयने आवाज चढवला. गर्दी आहे, सामान आत न्यायला मनाई आहे, इकडे द्या, नंबर घ्या! मोठी माणसं खूश झाली. हालणारी गोणी मांडीवर घेऊन सभेत बसायचं संकट परस्पर टळत होतं. गोण्या येत गेल्या. जेपॉयने त्या मैदानाच्या टोकाच्या रंगमंचावर पडद्यामागे ओळीने लावल्या. तितो नोनोयने गोणी देताना पुतण्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. आलिंग पुरिंग पुन्हा आली होती, पुन्हा गोणी घेऊन.

आणि मग इसायने मान वर केली तर समोर आजी होती. डोक्याला मिस्सेची ओढणी, हातात गोणी.

इसायला वाटलं, ओरडावं. ओरडली नाही. तिने हात पुढे केला.

"द्या लोला. मी ठेवते."

सेपाने गोणी दिली, नंबर घेतला आणि आत जाऊन बसली.

सभा सुरू झाली. फुलं किती, होड्या किती, बँडचं काय. तेवढ्यात दायांगने पडद्याची दोरी ओढली. गोण्यांची रांग समोर आली, आणि उजेड पडताच आतून ओरडा सुरू झाला. दायांगने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"सामान ज्याचं त्याने न्यावं. नंबर तुमच्याकडेच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की घरी न्यावं."

कोणी हललं नाही. लिबीसवाले सान तेलमोवाल्यांकडे बघू लागले आणि सान तेलमोवाले लिबीसवाल्यांकडे. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, पण इथे झाकायला काही उरलं नव्हतं. सान तेलमोचे कापितान घसा खाकरून उभे राहिले, हा काय प्रकार म्हणून विचारायला; त्यांच्या बायकोने शर्टाला धरून त्यांना खाली बसवलं, कारण पाचवी गोणी तिची होती. गोण्या ओरडत होत्या आणि तीनशे माणसं छपराचे पत्रे बघत होती. इसायला आशा होती की लाज तरी कामाला येईल. पण लाज सगळ्यांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी येते.

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली.

"नऊ नंबर माझी," सेपा म्हणाली.

ती हळूहळू चालत पुढे आली. तिचे गुडघे दुखायचे, आणि पायऱ्या चढताना सगळ्या सभेला ते दिसलं. तिने गोणी उचलली, सोडली, एक पिल्लू बाहेर काढून ओढणीत धरलं. करडं, दुमडलेल्या शेपटीचं.

"मी समजत होते, पलीकडे बरं असेल," ती म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "माझी नात बघून आली. पलीकडे बरं नाही."

आणि गोणी घेऊन ती घरी गेली. तिच्यामागून तितो नोनोय उठला. मग आलिंग पुरिंग, तोंड फुगवून. मग लिबीसचा एक म्हातारा. मग मात्र कोणी नाही.

शेवटी सान तेलमोचे कापितान पुन्हा उठले आणि त्यांनी परिस्थिती सावरली. ते निवडणुकीत नेहमी निवडून येतात ते उगीच नाही. ते म्हणाले, अशी हुशार, कनवाळू, चौकस मुलं ज्या गावात आहेत त्या गावाला काय कमी! दोन्ही गावांचं गूढ या मुलांनी उकललं! बास्केटबॉलच्या स्पर्धेतली उरलेली पदकं कपाटात होती, ती तिघांच्या गळ्यात घातली. फादरनी डोक्यावर हात ठेवला. मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे भरून आले. टाळ्या थांबता थांबेनात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवतच ते पांगले. गोण्या रंगमंचावरच राहिल्या.

जेपॉयने पदक काढून खिशात टाकलं. "चला," तो म्हणाला, "उचला."

तिघांनी आणि आते मेर्लीने मिळून त्या गोण्या दुकानात नेल्या. रात्री धुण्याच्या यंत्रांवर, टोपल्यांत, इस्त्रीच्या टेबलाखाली, सगळीकडे पिल्लं झोपली होती. इसायला थोडं बरं वाटलं. निदान बाजारात नवं पिल्लू दिसणार नव्हतं, निदान हेपे वाचला.

सोमवारी सकाळी गाडी आली.

गाडी यायला वेळ लागतो म्हणून तितो रुफोंनी अर्ज आधीच्या आठवड्यातच देऊन ठेवला होता; ती सणाआधीच येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. सभेनंतर तो मागे घ्यायला ते स्वतः नगरपालिकेत जाऊन आले होते, पण गाडी निघाली ती निघाली. ते बाजाराच्या दारात उभे होते आणि त्यांना कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

जाळीवाल्यांनी मासळीचे तुकडे दाखवले. नवी, भेदरलेली, कान न कापलेली मांजरं ओट्यांखालच्या गटारात शिरली आणि सापडली नाहीत. जी माणसाळलेली होती, ज्यांना मेर्लीने वर्षानुवर्षं हाताने खाऊ घातलं होतं, ती हाक ऐकून आली. ज्यांच्यापासून एकही पिल्लू होणार नव्हतं तीच सगळी गेली, आणि ज्यांच्यापासून बाजार पुन्हा भरणार होता तीच राहिली. हेपे स्वतःहून चालत आला. त्याने जाळीवाल्याच्या पोटरीला डोकं घासलं. इसायने गाडीची मागची दांडी धरली होती. आलिंग बेबांगने तिला कमरेला धरून मागे ओढलं, आणि ओढता ओढता तीही रडत होती.

मेर्ली तीनचाकी रिक्षा करून गाडीमागे गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या हातात रिकामा पिंजरा होता. तिने यंत्रात कपडे घातले, साबण टाकला आणि यंत्र सुरू केलं, कारण दुसऱ्या दिवशी लोकांना कपडे द्यायचे होते.

सण झाला. होड्या सजल्या, बँड वाजला. पिल्लांसाठी मुलं दारोदार फिरली, टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात. मुख्याध्यापिकाबाईंनी एक घेतलं. सिओपाववाल्याने एक घेतलं आणि लोक काय म्हणतील म्हणून लगेच परत दिलं. बाकीच्यांनी मुलांना खाऊ दिला, शाबासकी दिली आणि दार लावून घेतलं. आजारी होती ती पिल्लं एकेक करून गेली. दायांगने त्यांना नदीकाठी पुरलं. पुढच्या शनिवारी मासळीच्या ओट्याखाली पुन्हा दोन नवी सापडली.

रविवारी चर्चच्या खोलीत डॉक्टरीणबाई हत्यारं उकळून बसल्या होत्या. खुर्च्या मांडलेल्या होत्या, बहुतेक रिकाम्या. तितो नोनोय आला होता. आलिंग पुरिंग नदी ओलांडून आली होती, आणि मी काही पटलं म्हणून आले नाही, असं प्रत्येकाला सांगत होती. कापितानांकडून कोणी आलं नव्हतं.

लोला सेपा मुनिंगला घेऊन आली. इसायने तिला ये म्हटलं नव्हतं. म्हणायची हिंमतच झाली नव्हती. मुनिंगला आत नेलं तेव्हा सेपाने डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिली, पाप पदरात पडायची वाट बघत. इसाय तिचा हात धरून बसली. दुसरी जपमाळ पुरी व्हायच्या आत दार उघडलं आणि मेर्लीने मुनिंगला टॉवेलात गुंडाळून आजीच्या मांडीवर ठेवलं. ती झोपेत होती, जीभ जराशी बाहेर. पोटावर बोटाच्या पेराएवढा टाका. डाव्या कानाचं टोक नव्हतं.

सेपाने टॉवेल बाजूला करून तो टाका बघितला. बराच वेळ बघितला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, लोला."

"एवढंच होतं?"

मेर्लीने टॉवेलाची कड सारखी केली. दारात आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान फिरवली. आजीने मग इसायकडे बघितलं आणि तेच पुन्हा विचारलं, "एवढंच होतं गं?" आणि इसायने तिचा हात आणखी घट्ट धरला, कारण हो म्हटलं असतं तर आजीला नदीपलीकडे सोडलेलं एकेक पिल्लू मोजावं लागलं असतं.